नववी 'ब'चं पाणी विधेयक

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळलं. गॅदरिंगबद्दल कुणीतरी लिहीलच, सहलीत चुकलेल्या एसटीबद्दलही लिहील. मी गेली बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. मराठीत सलग लिहायची सवय दहावीच्या निबंधाबरोबरच सुटली. पण गेल्या मे महिन्यात गावच्या घराचा माळा रिकामा करताना अण्णांच्या ट्रंकेत अकरा फुलस्केप पानं सापडली. पहिल्या पानावर निळ्या शाईत, माझ्याच तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलंय: 'सार्वजनिक विहीर संरक्षण विधेयक, १९९६'. आपल्या शाळेच्या इतिहासातला हा एकच कागद माझ्याकडे आहे, तर त्याचाच इतिहास लिहावा म्हटलं. कुणाचं नाव घेत नाही. ज्याची त्याला ओळख पटेल.

तो काळ आठवा. मार्च १९९५ मध्ये विधानसभेचा निकाल लागला, राज्यात सरकार बदललं आणि ४५ अपक्ष निवडून आले. आपल्या वर्गात त्यावरून मधल्या सुट्टीत भांडणं होत. नागरिकशास्त्राच्या सरांनी तो उत्साह पकडला आणि 'आपण अभिरूप विधानसभा भरवू' असं जाहीर केलं. पक्ष निवडायला सांगितले तर अर्ध्या वर्गाने 'अपक्ष' लिहून दिलं, हे तुम्हाला आठवत असेलच.

ही कल्पना सरांची एकट्याची नव्हती. १९६२ साली मुंबईत अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली होती. विद्यार्थ्यांना संसदेचं कामकाज करून बघू द्यावं, अशी शिफारस त्या परिषदेने केली. पुढे १९६६-६७ पासून केंद्राच्या संसदीय कार्य खात्याने दिल्लीच्या शाळांमध्ये युवा संसदेच्या स्पर्धा सुरू केल्या. त्या नमुन्यात शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरं सगळं असतं. सरांना त्यातलं पाठ केलेलं नाटक आवडायचं नाही. आपल्या तालमीत शोकप्रस्तावाला दोन मिनिटं उभं राहिल्यावर मागच्या बाकावरून जो हशा पिकला, त्यानंतर तर त्यांनी तो भाग काढूनच टाकला. ते म्हणाले, "एकच विधेयक आणू. पण खरं. इथल्या एखाद्या अडचणीवरचं."

आणि त्यांनी विसापूरची गोष्ट सांगितली. आपल्याच तासगाव तालुक्यातलं विसापूर. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, ही त्यांची योजना १९६५ च्या सुमारास आधी विसापूर भागातल्या काही गावांत करून बघितली गेली. तिथून ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्या पैशांसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते त्या कराचे. ऑफिसातल्या पोरांना हे सांगितलं की कुणी विश्वास ठेवत नाही. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की कायदा मुंबईत छापला जातो, पण तो आधी कुठल्यातरी गावात चालून बघावा लागतो. "तुम्ही पण आधी फिरा, मोजा. मग लिहा."

विषय शोधायला लागलाच नाही. ओढ्याकाठची गावची विहीर एप्रिलमध्ये तळाला जायची आणि शाळेच्या हापशाला शंभर दांडे मारले तरी कळशी भरायची नाही. दुसरीकडे दर उन्हाळ्यात बोअरची गाडी रात्रभर कुठल्या ना कुठल्या बागेत धडधडत असायची. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात होते. नवी फूट जगवायला पाणी नेमकं तेव्हाच लागतं, आणि गावची विहीरही नेमकी तेव्हाच आटते. यात द्राक्षवाला वाईट आणि गाव चांगलं असं काही नव्हतं. सोसायटीचं कर्ज बागेवरच असायचं आणि तुमच्याआमच्या फिया बेदाण्यातूनच भरल्या जायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं सायकलवरून फिरलो. दगड बांधलेली दोरी, तिला फुटाफुटावर गाठी. लोक विहिरीची खोली परसात सांगायचे आणि आम्ही फुटात लिहायचो. एक परस म्हणजे किती फूट, यावर तीन जणांनी तीन उत्तरं दिली, तेव्हापासून आम्ही दोरीवरच विश्वास ठेवला. बोअरची खोली मोजता येत नाही, मालक सांगेल ती धरायची. गावच्या विहिरीपासूनचं अंतर मोजायला मात्र आम्ही युक्ती काढली होती. अठ्ठावीस इंची सायकलच्या चाकाला चिंधी बांधायची आणि फेऱ्या मोजायच्या. एका फेरीला साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे सव्वादोनशे फेऱ्यांना पाचशे मीटर. बांधाबांधाने जाताना फेरी चुकली की परत विहिरीपासून सुरुवात. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं डेटा कलेक्शन, आणि पुढच्या बऱ्याच प्रोजेक्टांपेक्षा प्रामाणिक. निदान डिसेंबरपर्यंत तरी.

असा काही कायदा आधीच आहे का, हेही आम्ही विचारून आलो होतो. तालुक्याच्या एका कचेरीत एका साहेबांनी आम्हाला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "पाण्याचा कसला कायदा? ज्याची जमीन त्याचं पाणी." आम्ही ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

ते वाक्य किती जुनं आहे, हे मला फार वर्षांनी कळलं. इंग्लंडात १८४३ साली ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल असा एक खटला गाजला. कापडगिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. न्यायालयाने निकाल खाणवाल्याच्या बाजूने दिला. जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यावर शेजाऱ्याला हक्क सांगता येत नाही, आपल्या जमिनीत खणणारा ते खुशाल काढू शकतो, असा त्याचा अर्थ. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात एका उदाहरणाच्या रूपाने येऊन बसलं, आणि १८९१ साली तो कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. पाणी लागेल तिथे माणसं आणि बैल लावून विहीर खणायची, तेव्हा हे चालून गेलं. मोटेने किती पाणी निघणार? पण १९७२ च्या दुष्काळानंतर पाषाण फोडणारी यंत्रं गावोगाव पोचली. ती आली पिण्याच्या पाण्यासाठी. हापसे त्यातूनच आले, आणि देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क टू' हापशाचा मूळ नमुना आपल्या सोलापूरचा. पुढे तीच यंत्रं बागेत शिरली. मोटेच्या काळातला हक्क तसाच राहिला आणि त्याला साडेसात अश्वशक्तीची सबमर्सिबल जोडली गेली.

यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही शाळेच्या लायब्ररीत राज्यघटनेचं पुस्तक काढलं, पाणी हा विषय राज्यसूचीत १७ व्या क्रमांकावर आहे एवढं शोधलं आणि आपली विधानसभा हा कायदा करू शकते म्हणून आनंदाने उड्या मारल्या.

लिहायला बसल्यावर खरी गंमत सुरू झाली. विधेयकाचे भाग सरांनी फळ्यावर लिहून दिले होते: संक्षिप्त नाव, विस्तार व प्रारंभ, व्याख्या, मग एकेक खंड, शेवटी उद्देश व कारणे यांचं निवेदन आणि वित्तीय ज्ञापन. 'कलम' लिहिलं की सर खोडायचे. "विधेयकात खंड असतो. पास झालं की त्याचं कलम होतं. अजून पास व्हायचंय तुमचं."

व्याख्यांनी आम्हाला सतरा दिवस खाल्ले. विहीर म्हणजे काय? आड धरायचा का? बोअर तर धरायचंच, पण जुन्या विहिरीच्या तळात मारलेलं बोअर ही नवी विहीर की जुनीच? आणि विहिरीच्या पोटातून शेजाऱ्याच्या रानाकडे मारलेली आडवी बोअरं? आमच्यातला तिसरा, जो आज रोहित्रं दुरुस्त करतो, त्याला अशा वाटा काढायची विलक्षण बुद्धी होती. आम्ही दोघींनी वाक्य लिहायचं आणि त्याने पाच मिनिटांत त्यातून बोअरची गाडी आरपार नेऊन दाखवायची. आमच्या धंद्यात अशा माणसाला टेस्टर म्हणतात आणि त्याच्याशी सगळे भांडतात. आमची व्याख्या शेवटी अशी झाली: 'विहीर म्हणजे भूगर्भातील पाणी काढण्यासाठी उभे, आडवे अथवा तिरपे केलेले कोणतेही खोदकाम.' 'तिरपे' हा शब्द त्याचा.

आता मुख्य खंडाकडे येते. खंड ३: सार्वजनिक विहिरीपासून ठरावीक अंतरात नवं खोदकाम करायचं नाही. खंड ४: त्या अंतरात आधीपासून असलेल्या विहिरी-बोअरवरून १ मार्च ते ३० जून शेतीसाठी उपसा करायचा नाही. पहिल्या मसुद्यात अंतर पाचशे मीटर होतं. त्यामागे काही शास्त्र नव्हतं, आकडा गोल दिसला म्हणून लिहिला होता. मग मी वही काढून बसले. पाचशे मीटरच्या आत अकरा विहिरी-बोअर येत होते, तीनशेच्या आत फक्त तीन.

अण्णांनी आमचं बोअर १९९४ च्या उन्हाळ्यात मारलं होतं. पाणाड्याने नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली, २८० फुटांवर दोन इंची पाणी लागलं, आजीने यंत्राला हळदकुंकू वाहिलं. गावच्या विहिरीपासून ते एकशे सेहेचाळीस फेऱ्यांवर होतं. म्हणजे सव्वातीनशे मीटर.

मी पेन्सिलने लिहिलेला ५०० खोडला आणि शाईने ३०० लिहिला. बाकी दोघांना म्हणाले, "पाचशे फार होतं, बिल पडेल." ते खोटंही नव्हतं. सरांनी विचारलं, "हा आकडा कुठून आला?" मी म्हणाले, "पाहणीतून, सर." तेही खोटं नव्हतं.

जानेवारीतलं ते अधिवेशन तुम्हाला आठवत असेल ते सभापती झालेल्या आपल्या मैत्रिणीने डस्टर आपटून फोडला म्हणून. मला आठवतं ते दुसऱ्या वाचनातली दुरुस्ती. दुरुस्ती मांडणारा तो, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचा, कधी फारसं बोलायचा नाही. त्यांची एक एकर भाजीची जमीन ओढ्याला लागून होती आणि विहीर आमच्या यादीतल्या तिनांपैकी एक. तो उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, खंड ३ व ४ मध्ये 'तीनशे' ऐवजी 'पाचशे' हा शब्द घालण्यात यावा." सगळ्यांना वाटलं याचं डोकं फिरलंय. ज्याची विहीर तीनशेतच अडकते त्याला पाचशेने काय मिळणार? त्याचं भाषण तीन-चार वाक्यांचंच होतं. पाणी खालून एकच असेल तर जवळच्या तिघांनी बंद करायचं आणि लांबच्या आठ जणांनी जोरात उपसायचं, यात गावची विहीर कशी वाचते, ते मांडणाऱ्या सदस्यांनी सांगावं. आणि ज्याची मोटर बंद करणार त्याच्या उभ्या पिकाचं काय, तेही सांगावं.

उत्तर मी दिलं, आणि टाळ्या मिळवल्या. 'व्यवहार्यता', 'जनमत' असे शब्द होते त्यात. पिकाच्या भरपाईचं मी काहीच बोलले नाही, कारण वित्तीय ज्ञापनात आम्ही 'या विधेयकामुळे राज्याच्या तिजोरीवर कोणताही भार पडणार नाही' असं लिहून मोकळे झालो होतो. दुरुस्ती पडली. विधेयक २७ विरुद्ध १६ मतांनी पास झालं. मुख्याध्यापकांच्या हातून आम्हा तिघांना पेन मिळालं. सायकल स्टँडवर तो मला एवढंच म्हणाला, "तुमचं बोअर किती फेऱ्यांवर येतं, ते मी पण मोजलंय." आणि गेला. सभागृहात त्याने ते का काढलं नाही, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

त्या एप्रिलात गावची विहीर आटली. आमच्या बोअरमुळे आटली का? सांगता येत नाही. आपला हा काळा पाषाण अखंड नसतो. त्यात भेगा असतात, थरांमध्ये तांबडी पट्टी असते, आणि पाणी त्यांच्या मर्जीने चालतं. शंभर मीटरवरच्या दोन बोअरचा एकमेकींशी काही संबंध नसतो आणि सहाशे मीटरवरची एक चालू केली की दुसरी फेस काढते. वर्तुळ काढून पाणी सांभाळता येत नाही, हे भूजलवाल्यांना माहीत असतं. पण कायद्याला मोजता येईल असं काहीतरी लागतं, म्हणून वर्तुळ. अण्णांनी त्या उन्हाळ्यात रोज सकाळी तासभर पाइप रस्त्याकडे सोडला. बायका हंडे घेऊन यायच्या. अण्णांनी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि गावात त्यांचं नावही झालं. रांगेत खिडकीशी बसणाऱ्याची आई असायची. ती मान खाली घालून हंडा भरायची आणि जाताना आमच्या आईला "येते हं वहिनी" म्हणायची. मी तेव्हा अंगणात नववीच्या परीक्षेचा अभ्यास करत असायचे.

पुढचं सगळं मला नोकरी लागल्यावर कळलं. एका पाणीपुरवठ्याच्या सॉफ्टवेअरसाठी मला नियम वाचावे लागले. त्यात समोर आला 'महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनासाठी विनियमन) अधिनियम, १९९३'. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही. टंचाई जाहीर झाली तर उपशावर बंधनं. विहीर बंद करायला लावली तर भरपाईची तरतूद. म्हणजे आम्ही सतरा दिवस व्याख्यांवर भांडत होतो तेव्हा हे सगळं मुंबईत पास होऊन दोन वर्षं उलटली होती. पाचशे हा आकडाही तोच, आणि पिकाच्या भरपाईचा प्रश्न ज्याने वर्गात विचारला त्याच्यावर आम्ही हसलो होतो. अण्णांचं बोअर त्या कायद्यानंतरचं. परवानगी कुणी मागितली नाही, कारण मागायची असते हेच आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी चहा पाजून आम्हाला जो कायदा सांगितला, तो १८९१ चा होता.

त्यानंतरचा कायदा नावाने २००९ चा आहे, पण राष्ट्रपतींची संमती मिळून छापून यायला २०१३ उजाडलं. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि अधिसूचित क्षेत्रात ती घ्यायला बंदी आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्याकडे आता कुणी दोनशे फुटांचं बोअर सांगितलं तर लोक विचारतात, "हापसा का?" तिकडे पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली होती. पाणी जमिनीला नाही, माणसाला द्यायचं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. ती कुठल्या कायद्याची वाट बघत बसली नाही. आम्हाला ते १९९६ मध्ये कुणी सांगितलं असतं तर आमचा खंड ४ वेगळा झाला असता. कदाचित नसताही झाला, फेऱ्यांची वही माझ्याच हातात होती.

आमचं बोअर २००३ च्या दुष्काळात गेलं. अण्णांनी शेजारी दुसरं मारलं, साडेपाचशे फूट, नुसता फुफाटा निघाला. बाग काढली. अण्णा आता नाहीत. ही पानं त्यांनी ट्रंकेत सातबाराच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवली होती, लेकीचं कौतुक म्हणून. तीनशेचा अर्थ त्यांना कळला होता का, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं.

मूळ पानं मी संमेलनाला आणणार आहे, लायब्ररीच्या टेबलावर ठेवीन. पान ४ वर ३०० च्या खाली पेन्सिलीचा ५०० उजेडाकडे धरला तर अजून दिसतो. सर, तुम्ही येणार आहात असं कळलं. आकडा कुठून आला, याचं उत्तर मी तुम्हाला अर्धंच दिलं होतं. आणि खिडकीशी बसणाऱ्या मित्रा, तू ग्रुपवर नुसते अंगठे पाठवतोस, पण वाचतोस हे माहीत आहे. तुझी वही असेल तर घेऊन ये. दुरुस्ती पुन्हा मांडणार असशील तर अनुमोदन माझं.